झिरो बघा

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास वडप्याच्या हायवेवरच्या पेट्रोल पंपावरचं डिझेल संपलं. तीन नंबरच्या नोझलवर बळीराम भोईर उभे होते. त्यांनी नोझल जागेवर टांगलं, त्याच्या तोंडाला धुतलेलं फडकं बांधलं, मीटर शून्यावर आणला आणि रांगेतल्या पहिल्या ट्रकच्या ड्रायव्हरला म्हणाले, "झिरो बघा."

ड्रायव्हर केबिनमधून वाकला. "झिरो तो सुबह से देख रहा हूँ, चाचा. डालोगे कब?"

"डिझेल खतम."

"तो झिरो किसलिए दिखा रहे हो?"

"देख के रखो. बाद में बोलेगा, दिखाया नहीं."

रांग सर्व्हिस रोडच्या वळणापर्यंत गेली होती. बळीदादा रांगेच्या कडेने चालत गेले आणि प्रत्येक गाडीपाशी थांबून डिझेल नसल्याचं सांगून आले. त्यानंतर ते तीन नंबरपाशी परत येऊन उभे राहिले. त्यांची ड्युटी दोन वाजता संपायची होती. ते दोन वाजेपर्यंत तिथेच होते.

गाडीत इंधन सोडण्याआधी मीटर शून्यावर असल्याचं गिऱ्हाइकाला दाखवायचं, हा पंपावरचा नियम आहे. "झिरो बघा" हे शब्द सगळेच पंपवाले म्हणतात. बहुतेक जण ते म्हणताना दुसरीकडे बघत असतात आणि गिऱ्हाईकही दुसरीकडेच बघत असतं. बळीदादांच्या बाबतीत हे चालत नाही. गिऱ्हाइकाने मीटरकडे बघावं लागतं आणि तोंडाने "बघितला" म्हणावं लागतं. नुसती मान हलवली, तर ते नोझल दाबत नाहीत.

एकदा मोठ्या गाडीतले एक गृहस्थ घाईत होते. "हो हो, टाका," ते म्हणाले.

"टाका न्हाय. बघितला म्हना."

"अहो, माझा विश्वास आहे तुमच्यावर."

"माज्यावर नको. मीटरवर ठेवा."

गृहस्थ चिडून पुढच्या पंपावर निघून गेले. त्यांनी पंपाच्या शेठकडे तक्रार केली. शेठने बळीदादांना बोलावून घेतलं आणि समज दिली. बळीदादांनी सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी डिझेल भरायला शेठची स्वतःची गाडी तीन नंबरवर आली, तेव्हा शेठलाही "बघितला" म्हणावं लागलं.

हे पंपापुरतं राहिलं असतं, तर त्याची कोणी दखल घेतली नसती. पण घरी जेवायला बसल्यावर बळीदादा रिकामं ताट हातात उचलून बायकोला, म्हणजे सुनंदावहिनींना, दाखवतात. "झिरो बघ." वहिनी म्हणतात, "बघितला. डोकं पन बघितलं. खाली ठेवा आता." एका वर्षी ग्रामसभेत रस्त्याच्या प्रश्नावर बोलायला त्यांना उभं केलं गेलं. माइक हातात आल्यावर ते म्हणाले, "झिरो बघा." सगळी सभा एका आवाजात "बघितला" म्हणाली. त्यानंतर ते रस्त्याबद्दल नीट, मुद्देसूद बोलले; पण पुढचं भाषण आज गावात कोणाला आठवत नाही. ट्रकवाले त्यांना झिरोचाचा म्हणतात आणि गाव झिरोदादा. दोन्ही हाकांना ते ओ देतात.

त्यांची दुसरी सवय टँकरशी निगडित आहे. डेपोतून डिझेलचा टँकर पंपावर आला की तो लगेच रिकामा करत नाहीत. आतलं इंधन स्थिर व्हायला थोडा वेळ द्यावा लागतो. मग वरचं झाकण उघडून पट्टी बुडवतात आणि किती भरलंय ते बघतात, काचेच्या भांड्यात थोडा नमुना घेतात, त्याची घनता तपासतात. या सगळ्या वेळात टँकरचा ड्रायव्हर सावलीत बसून चहा पितो. बळीदादा नमुन्याचं भांडं उजेडाकडे धरतात, त्यातून आरपार बघतात आणि ड्रायव्हरला विचारतात, "कुठल्या जहाजाचं?"

याचं उत्तर कोणत्याही ड्रायव्हरला देता येणार नाही. कच्चं तेल जहाजातून उतरतं, रिफायनरीच्या टाक्यांत जातं, तिथे आधीच्या जहाजांच्या तेलात मिसळतं, मग त्याचं पेट्रोल, डिझेल, रॉकेल होतं आणि ते पुन्हा एकत्र साठवलं जातं. टँकरमधलं डिझेल कुठल्या जहाजाचं, हा प्रश्न गिरणीतून आलेल्या पिठातली चपाती कुणाच्या शेतातल्या गव्हाची, असं विचारण्यासारखा आहे. डेपोचे ड्रायव्हर आपसात यावर हसायचे. शकील नावाचा एक ड्रायव्हर अनेक वर्षं या पंपावर येतो. तो दर वेळी नवीन उत्तर द्यायचा. कधी म्हणायचा, "टायटॅनिकवाला है, चाचा, डूबते डूबते बचा." कधी म्हणायचा, "मेरे ससुर का जहाज है, तेल में भी मिलावट है."

मी जिल्ह्याच्या बातम्या करतो आणि धामणकर नाक्याजवळ राहतो. स्कूटरमध्ये पेट्रोल भरायला म्हणून या पंपावर गेलो असताना एकदा टँकर आलेला होता, तेव्हा मी बळीदादांना ही मिसळण्याची गोष्ट सांगितली होती.

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "पोरानंच सांगितलं."

"मग विचारता कशाला?"

त्यांनी भांड्यातला नमुना टाकीत परत ओतला. "विचारायला काय जातंय, भाऊ?"

त्यांचा मुलगा निलेश कच्च्या तेलाच्या जहाजावर काम करतो. त्याचं पद पंपमन. जहाजातलं तेल किनाऱ्यावर उतरवणारे मोठे पंप चालवणं आणि सांभाळणं हे त्याचं काम. या शब्दावरूनच बाप-लेकाचं बोलणं बंद झालं.

निलेशने आयटीआय केलं, मग जहाजावरच्या कामाचं प्रशिक्षण घेतलं. पंपावर काम करायचं नाही, हे त्याने शाळेत असतानाच ठरवलेलं होतं आणि ते घरात सगळ्यांना माहीत होतं. नेमणुकीचं पत्र आलं त्या दिवशी बळीदादा पेढे घेऊन ड्युटीवर गेले. प्रत्येक ट्रकवाल्याला पेढा देऊन ते सांगत होते, "पोराला नोकरी लागली. गेला समिंदरात, तिथं पन पंपच मिळाला!"

"समुंदर में कौन सी गाड़ी आती है, चाचा?" एका ड्रायव्हरने विचारलं.

"येत असतील. मासे येतील स्कूटर घेऊन."

सगळे हसले. निलेश मोटारसायकलमध्ये पेट्रोल भरायला त्याच वेळी आला होता आणि मागे उभा होता. बळीदादांनी त्याला पाहिलं, हसतच पेट्रोलचं नोझल उचललं आणि म्हणाले, "झिरो बघ."

निलेशने मीटरकडे बघितलं नाही. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही जन्मभर लोकांना झिरोच दाखवलात. मला नाही बघायचा." त्याने गाडी ढकलत बाहेर नेली आणि पेट्रोल न भरता निघून गेला. त्या वेळी पंपावर असलेल्या दोघांनी मला हा प्रसंग वेगवेगळ्या वेळी सांगितला. दोघांच्या सांगण्यात शब्दाचाही फरक नव्हता.

निलेश जहाजावर गेला. तिथून तो रविवारी फोन करतो, तो आईच्या मोबाईलवर. बळीदादा त्या वेळी घरात असतात आणि दाराच्या चौकटीला टेकून उभे राहतात. एका रविवारी मी त्यांच्याकडे बसलेलो असताना फोन आला. बोलणं झालं ते असं.

"जेवला का विचार त्याला," बळीदादा म्हणाले.

"बाबा विचारतात, जेवलास का," वहिनी फोनमध्ये म्हणाल्या.

फोनमधला आवाज खोलीत सगळ्यांना ऐकू येत होता. "जेवलो, सांग."

"जेवला म्हनतो."

"ऐकलं मी. जहाज कुठं हाय विचार."

"बाबा विचारतात..."

"ऐकलं. आखातात चाललोय, सांग. माल भरायला."

"आखातात..."

"ऐकलं," बळीदादा म्हणाले.

वहिनींनी फोन कानापासून लांब धरला. "तो ऐकतो, तुमी ऐकता. मग मी काय मधला पाइप हाय?"

मग बळीदादा म्हणाले, "वारा किती हाय विचार."

पंपाच्या आवारात मोबाईल वापरायला मनाई आहे. जमिनीवर एक पांढरा पट्टा मारलेला आहे, त्याच्या आत फोन काढायचा नाही. हा नियमही इथे फक्त बळीदादा पाळतात आणि पाळायला लावतात. त्यांचा स्वतःचा फोन ऑफिसच्या टेबलाच्या खणात बंद असतो. एकदा एक नवरदेव घोड्याऐवजी सजवलेल्या जीपमधून वरातीला निघाला होता. वाटेत डिझेल भरायला जीप थांबली आणि तो फोनवर कोणाला तरी आपण कुठवर आलो ते सांगू लागला. बळीदादांनी त्याला मुंडावळ्यांसकट पट्ट्याबाहेर नेऊन उभं केलं. बोलणं संपल्यावर आत घेतलं आणि झिरो दाखवला.

आखाताच्या तोंडाशी समुद्राचा एक चिंचोळा पट्टा आहे. आपल्याकडे येणाऱ्या कच्च्या तेलाचा मोठा भाग तिथून येतो. यंदा उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिथे लढाई पेटली आणि जहाजांची ये-जा थांबली. निलेशचं जहाज माल भरून निघालं होतं. ते त्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला नांगर टाकून उभं राहिलं. तशी आणखी बरीच जहाजं तिथे उभी होती.

इकडे त्याचा परिणाम लगेच दिसला नाही. रिफायनऱ्यांच्या टाक्यांत काही दिवसांचं तेल असतं आणि काही जहाजं आधीच वाटेत होती. रिफायनरी एकदम बंद करत नाहीत. आधी ती कमी वेगाने चालवतात. एका रिफायनरीने पावसाळ्यानंतर ठरलेली दुरुस्ती आधी उरकून घ्यायला सुरुवात केली. दुसऱ्या देशांतून तेल मागवलं गेलं, पण त्या जहाजांचा प्रवास लांबचा होता. शिवाय प्रत्येक रिफायनरी ठरावीक प्रकारच्या तेलासाठी बांधलेली असते. वेगळं तेल घातलं, तर त्यातून निघणाऱ्या डिझेलचं प्रमाण बदलतं.

मग डेपोने पंपांचा वाटा कमी केला. दोन टँकर मागितले, तर एक यायचा, तोही उशिरा. कारखान्यांना आणि मोठ्या वाहतूकदारांना थेट मिळणारं घाऊक डिझेल आधी महागलं, पंपावरचं नाही. त्यामुळे वडप्याच्या गोदामांच्या गाड्या, ज्या एरवी पंपाकडे फिरकत नसत, त्याही रांगेत आल्या. जनरेटर चालवणारे लोक कॅन घेऊन आले. निजामपुऱ्यातल्या यंत्रमागांची दुसरीच अडचण होती. पॉलिस्टरचं सूत शेवटी तेलापासूनच होतं. सुताचे भाव सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरे सांगितले जाऊ लागले, तसं अनेक लूममालकांनी रात्रीची शिफ्ट बंद केली. मी या सगळ्याच्या बातम्या देत होतो, म्हणून त्या आठवड्यांत वडप्याला माझी रोज फेरी होत होती.

निलेशचे फोन आधी तुटक झाले. जहाजावरचं इंटरनेट कधी चालायचं, कधी नाही. नंतर एका रविवारी फोन आला नाही. पुढच्या रविवारीही आला नाही. वहिनी निलेशच्या कंपनीच्या मुंबईतल्या ऑफिसला रोज फोन करायच्या. तिथून एकच उत्तर मिळायचं: जहाज जागेवर आहे, खलाशी सुखरूप आहेत, कळलं की कळवू. बळीदादा वहिनींना विचारायचे, "काय म्हनाले?" वहिनी तेच उत्तर सांगायच्या. त्यांना ते आधीच ऐकू आलेलं असायचं, तरी ते पूर्ण ऐकून घ्यायचे.

मंगळवारी डिझेल संपल्यावर शेठने त्यांना सांगितलं, "बळी, घरी जा. टँकर आला की बोलावतो."

"ड्युटी हाय."

"अरे, विकायला काही नाही, तर कसली ड्युटी?"

बळीदादा बुधवारी सकाळी नेहमीच्या वेळी आले. नोझलचं फडकं सोडून त्यांनी ते धुतलं आणि कालचं वाळलेलं दुसरं फडकं बांधलं. ट्रकवाल्यांनी रस्त्याच्या कडेला स्टोव्ह पेटवून खिचडी शिजत घातली होती. गाड्या सोडून जाता येत नव्हतं. त्यांच्यात वाद होऊ लागले, कोण आधी आला यावरून एकाने दुसऱ्याची कॉलर धरली. बळीदादा मधे गेले. "तिकडं जहाजं उभी हायेत, इकडं तुमी उभे हाय. ती न्हाय भांडत."

"उनके पास तेल तो है, चाचा," कॉलर धरणारा माणूस म्हणाला.

त्या दिवशी बळीदादांनी कोणाला झिरो दाखवला नाही. ट्रकवाल्यांच्या ते लक्षात आलं. संध्याकाळी त्यांच्यातला एक जण मला विचारत होता, "झिरोचाचा की तबीयत ठीक नहीं क्या?"

गुरुवारी दुपारी बाराच्या सुमारास टँकर आला. चालवत शकील होता. रांगेतल्या ड्रायव्हरांनी हॉर्न वाजवले. टँकर जागेवर लागला, थोडा वेळ थांबून झाकण उघडलं गेलं, पट्टी बुडवली गेली. बळीदादांनी काचेच्या भांड्यात नमुना घेतला आणि उजेडाकडे धरला. पण या वेळी त्यांनी काही विचारलं नाही. ते नुसते भांड्याकडे बघत राहिले.

शकील चहाचा ग्लास घेऊन जवळ आला. "चाचा, आज पूछोगे नहीं?"

बळीदादांनी भांडं जरा फिरवलं.

"आपके लड़के के जहाज का है," शकील म्हणाला. "डेपो में बोल रहे थे."

बळीदादांनी भांडं खाली केलं. शकीलकडे बघितलं. "त्याचं जहाज आत अडकलंय."

शकीलने मान खाली घातली.

"झूठ बोलना तुला जमत न्हाय," बळीदादा म्हणाले. "ससऱ्याच्या जहाजाचं बोलायचास तेच बरं होतं." मग त्यांनी चहावाल्याला हाक मारली आणि शकीलला दुसरा चहा सांगितला. नमुना टाकीत परत ओतायच्या आधी त्यांनी भांडं पुन्हा एकदा उजेडाकडे धरलं.

डिझेल सुरू झालं. तीन नंबरवर पहिल्या ट्रकवाल्याला त्यांनी झिरो दाखवला. "देखा, चाचा, देखा!" तो ओरडला आणि मागच्या तीन-चार केबिनमधूनही तेच ओरडणं ऐकू आलं. दर गाडीला ठरावीकच डिझेल द्यायचं असल्याने रांग हळूहळू सरकत होती.

शनिवारी सकाळी अकराच्या पुढे मी पंपावर होतो. सुनंदावहिनी सर्व्हिस रोड ओलांडून जवळजवळ धावत आल्या आणि पांढऱ्या पट्ट्याशी थांबल्या. त्यांच्या हातात मोबाईल होता. पायात चप्पल नव्हती.

"निलेशचा फोन!" त्यांनी हाक मारली. "अवो, निलेश हाय!"

बळीदादांचं नोझल त्या वेळी एका टेम्पोच्या टाकीत होतं. त्यांनी वळून बघितलं. टेम्पोवाला म्हणाला, "जाओ चाचा, मैं पकड़ता हूँ." त्यांनी नोझल सोडलं नाही. टेम्पोत जेवढं भरायचं होतं तेवढं भरून झालं, तेव्हा त्यांनी नोझल झटकून शेवटचा थेंब टाकीत पडू दिला, टाकीचं झाकण लावलं, नोझल जागेवर टांगलं आणि फडक्याला हात पुसले. मग ते पट्ट्यापर्यंत चालत गेले आणि तो ओलांडून वहिनींसमोर उभे राहिले.

"जेवला का विचार त्याला," ते म्हणाले.

वहिनींनी फोन त्यांच्या हातात दिला. "तुमीच विचारा. मी न्हाय आता मधी."

"अगं..."

"पाइप फुटला म्हनून सांगा." त्या दोन पावलं मागे सरकल्या आणि पदर तोंडाशी धरून उभ्या राहिल्या.

बळीदादांनी फोन कानाला लावला. फोनमधून "हॅलो, आई? आई?" असं ऐकू येत होतं. मागे रांगेत कोणीतरी हॉर्न वाजवला. "आई, ऐकू येतंय का?" फोनमधला आवाज म्हणाला.

"झिरो बघा," बळीदादा म्हणाले.

लाईन तुटली असावी असं वाटून वहिनी पुढे आल्या.

"बघितला, बाबा," निलेश म्हणाला.

पुढचं बोलणं मला ऐकू आलं नाही. बळीदादा रस्त्याकडे तोंड करून उभे होते. तीन नंबरवर दुसऱ्या कर्मचाऱ्याने काम सुरू केलं.

जहाज आखातातून बाहेर पडल्याचं कंपनीच्या मुंबईतल्या ऑफिसने दुपारी सांगितलं. त्यावरचं तेल कुठल्या बंदरात उतरणार, हे तोपर्यंत ठरलेलं नव्हतं.